‘कुणापैकी?’ : सुदानच्या युद्धाला टोळीयुद्ध का म्हणू नये

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी पश्चिम सुदानमधल्या उत्तर दारफूर प्रांताची राजधानी अल फाशर पडली. जवळजवळ दीड वर्ष या शहराला वेढा होता. धान्य संपलं तेव्हा लोकांनी अंबाझ खाऊन दिवस काढले. अंबाझ म्हणजे भुईमुगाची पेंड, एरवी गुरांपुढे टाकतात ती. रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज शहरात शिरल्यावर एका प्रसूती रुग्णालयातच रुग्ण आणि त्यांच्या सोबतची मिळून ४६० हून अधिक माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. मग काही दिवस आपल्याकडेही सुदानवर बोललं गेलं, लिहिलं गेलं. त्या बोलण्याचे सूर मात्र दोनच होते. एक सूर म्हणत होता की तिथे शेकडो टोळ्या आहेत, त्या पूर्वापार एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत आणि बाहेरच्यानं त्यात पडण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणत होता की टोळ्या वगैरे सगळं इंग्रजांनी रचलेलं आहे, खरं भांडण सोन्याचं आणि परकीय पैशाचं आहे, त्यामुळे वंशाचा, कबिल्याचा नुसता उल्लेख करणंही चूक. पहिल्या सुरात आळस आहे आणि दुसऱ्यात सद्भावना, हे मान्य. पण सुदानी माणूस रोज कसा जगतो, तंटे कसे मिटवतो, जमीन कशी वाटून घेतो, हे पाहायची तसदी दोघांनीही घेतलेली नाही.

मला जे म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगतो. सुदानात कबिला खरा आहे आणि तो मुळात एकत्र नांदण्याच्या नियमांचा साठा आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आधी राजधानी खार्टूमच्या आणि पुढे, २०११ मध्ये वेगळा देश झालेल्या, दक्षिणेतल्या सत्ताधाऱ्यांनी ते नियम एकेक करून मोडले, कबिल्यांची नावं तेवढी शिल्लक ठेवली आणि त्या नावांच्या हाती बंदुका दिल्या. अशा युद्धाला ‘टोळीयुद्ध’ म्हणणं म्हणजे जे मोडलं गेलं त्यालाच मोडणारा ठरवणं.

सुरुवात शब्दापासूनच करायला हवी, कारण गोंधळ तिथेच आहे. मराठीत टोळी कुणाची असते? चोरांची, दरोडेखोरांची, खंडणीखोरांची. ऊसतोडीची टोळी सोडली तर हा शब्द चांगल्या अर्थानं क्वचितच येतो. ‘टोळीयुद्ध’ म्हटलं की नव्वदच्या दशकातली मुंबई डोळ्यांपुढे येते. तोच शब्द आपण दारफूरच्या शेतकऱ्याला आणि नाईलकाठच्या गुराख्याला लावतो, आणि मग तिथे माणसं मारली गेली की आपल्याला नवल वाटत नाही. सुदानी अरबीतला शब्द आहे कबीला. हा शब्द आपल्या घरातलाच आहे. आपण ‘कुटुंबकबिला’ म्हणतो. पानिपतावर फौजेबरोबर कबिले होते असं वाचतो तेव्हा बायकामुलं डोळ्यांपुढे येतात, दरोडेखोर येत नाहीत. सुदानात कबिल्याच्या पोटातल्या भावकीला ‘खश्म बैत’ म्हणतात, म्हणजे घराचं तोंड, घराचा उंबरा. दोन अनोळखी सुदानी माणसं भेटली की थोड्या वेळानं एक जण विचारतोच, ‘जिन्सक शिनू?’ शब्दशः अर्थ, तुझी जात-जमात कोणती. पण त्यामागचा हेतू आपल्या खेड्यातल्या ‘कुणापैकी तुम्ही?’ या प्रश्नासारखा आहे. कुठेतरी एखादी मावशी, एखादा मेहुणा, एखादं गाव सामाईक निघतं का, याचा तो शोध असतो. नातं सापडलं की आल्याची कॉफी जबनातून ओतली जाते आणि बोलणं पुढे सरकतं.

हाच प्रश्न २०२३ च्या जून महिन्यात पश्चिम दारफूरमधलं अल जनैना ते चाडच्या सीमेवरचं अद्रे या रस्त्यावर बंदुकीच्या नळीमागून विचारला गेला. उत्तर ‘मसालित’ आलं की माणूस संपला. काही जण दुसऱ्या कबिल्याचं नाव सांगून वाचले. जनैनात त्या वर्षी दहा ते पंधरा हजार माणसं मारली गेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात नोंदवलेलं आहे. पहिल्या सुरातल्या मंडळींचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे आणि तो मी टाळणार नाही. माणसं कबिल्यावरून ओळखून मारली गेली. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या बोर शहरात नुएर कबिल्याच्या फौजांनी डिंका कबिल्याच्या माणसांना मारलं, २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानची राजधानी जुबात नुएरांना दारोदार हुडकून मारलं गेलं, २००३ नंतर दारफुरात फूर, मसालित, झघावा यांची गावं जाळली गेली. गुलामीच्या व्यापाराचा जुना वारसा तिथे आहे आणि ‘अब्द’, म्हणजे गुलाम, ही शिवी आजही काळ्यासावळ्या माणसाच्या तोंडावर फेकली जाते. दारफूरच्या अरब कबिल्यांमध्ये ‘हक्कामा’ म्हणजे स्तुती-निंदेची गाणी रचणाऱ्या बायका असतात. त्यांच्यातल्या काहींनी हत्याकांडांच्या काळात पुरुषांना चेतवणारी गाणी म्हटली, हेही खरं आहे. ज्यांना या सगळ्यात कबिल्याचा काहीच संबंध दिसत नाही, त्यांनी डोळे मिटले आहेत.

पण कबिल्याच्या नावानं मारलं जाणं आणि कबिल्यामुळे मारलं जाणं, या दोन गोष्टी एकच आहेत का? कबिला हेच कारण असेल तर काही साध्या प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. २००३ च्या दारफूर हत्याकांडात जंजावीद टोळक्यांचा सर्वांत कुप्रसिद्ध म्होरक्या मूसा हिलाल हा रिझैगात कबिल्याचा. आजच्या रॅपिड सपोर्ट फोर्सेसचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हमेदती हाही रिझैगातच. मग २०१७ मध्ये हमेदतीच्या फौजेनं मूसा हिलालला पकडून का नेलं? उत्तर दारफूरमधल्या जबल आमिरच्या सोन्याच्या खाणींसाठी २०१३ मध्ये रक्त सांडलं ते बनी हुसैन आणि रिझैगात यांच्यात. दोघेही अरब, दोघेही पशुपालक. आणि आज समोरासमोर उभे असलेले लष्करप्रमुख जनरल बुरहान आणि हमेदती यांनी २५ ऑक्टोबर २०२१ रोजी मिळूनच नागरी सरकार उलथवलं होतं. दीड वर्षानं, १५ एप्रिल २०२३ रोजी, ते एकमेकांवर उठले ते निमलष्करी फौज लष्करात कधी विलीन करायची आणि कुणाच्या हुकमाखाली, यावरून. यात पूर्वापार वैर कुठे बसवायचं?

शिवाय कबिला हा दगडात कोरलेला असतो, हेच मुळात खोटं आहे. १९६० च्या दशकात एका नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञानं दारफूरमधल्या जबल मर्रा डोंगराच्या पायथ्याशी केलेलं निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. तिथला फूर शेतकरी बाजरी पिकवायचा आणि पैसा साठला की गुरं घ्यायचा. गुरं एका मर्यादेपलीकडे वाढली की गावात ठेवणं परवडायचं नाही. चाऱ्यामागे फिरावं लागायचं. मग तो बग्गारा म्हणजे अरब गुराख्यांच्या तळावर जाऊन राहू लागायचा, त्यांची भाषा, त्यांचं घर, त्यांचे सोयरे स्वीकारायचा आणि पुढे त्याची मुलं बग्गाराच म्हणून ओळखली जायची. ज्या सीमेवर आज हजारो माणसं मारली जातात, ती एका पिढीत गुरांच्या संख्येवर ओलांडता येत होती. जन्मजात द्वेषाच्या सीमा अशा ओलांडता येतात का?

त्या सीमेवर लोक कसे राहत होते, हे जरा थांबून पाहिलं पाहिजे, कारण वादातून नेमकी हीच गोष्ट वगळली जाते. दारफूर म्हणजे ‘दार फूर’, फुरांचं घर. सतराव्या शतकाच्या मध्यापासून तिथे फूर सुलतानांची सत्ता होती. १८७४ मध्ये ती बुडाली, १८९८ मध्ये अली दिनारनं पुन्हा उभी केली आणि १९१६ मध्ये इंग्रजांनी त्याला मारून दारफूर सुदानला जोडलं. या सुलतानांनी जमिनीच्या सनदा दिल्या, त्यांना हाकूरा म्हणतात. हाकूरा ज्याच्या नावावर तो तिथला मानकरी. पण त्या जमिनीवर दुसऱ्या कबिल्याच्या माणसाला कसायला जागा द्यायची, पाहुण्या गुराख्याला पाणवठा द्यायचा, हे मानकऱ्याचं कर्तव्य समजलं जाई. पावसाळ्यात उंटांचे आणि गुरांचे कळप उत्तरेला जायचे, कोरड्या दिवसांत दक्षिणेला उतरायचे. त्यांच्या वाटा ठरलेल्या होत्या, त्यांना मुरहाल म्हणतात. शेतातलं पीक निघाल्यावर एक तारीख जाहीर व्हायची, तिला तलैग म्हणतात. त्या दिवसापासून शेतं गुरांना मोकळी. धाटं गुराख्याची, शेण शेतकऱ्याचं. शेतात धनगराची मेंढरं बसवून घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं शहाणपण वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तलैगच्या आधी कुणाचं जनावर पिकात शिरलं की तंटा व्हायचा, कधी हाणामारी, कधी खूनही. मग जूदिया बसायची. अजावीद म्हणजे दोन्हीकडच्यांनी मानलेली वयस्कर माणसं मध्ये बसायची, दिवसेंदिवस बोलणं चालायचं आणि दिया म्हणजे रक्तमोल ठरायचं. ते एकट्या खुन्यानं भरायचं नसे. त्याच्या सगळ्या भावकीनं वाटून भरायचं असे. यातला हिशोब पाहा. तुमच्या चुलतभावानं खून केला तर तुमचीही गाय जाणार आहे. तरण्याताठ्या चुलतभावाला आवरायला याहून मोठं कारण काय हवं?

हे सगळं मोडलं कसं? एका दिवसात नाही. इंग्रजांनी कबिल्यांची यादी केली, प्रत्येकाला ‘दार’ म्हणजे हक्काचा प्रदेश नेमून दिला, नझीर, उमदा, शेख अशी प्रमुखांची उतरंड कायद्यात बसवली. १९२२ मध्ये भटक्या शेखांच्या अधिकारांचा वटहुकूम आला, त्याच वर्षी ‘बंद जिल्ह्यां’चा, म्हणजे परवान्याशिवाय बाहेरच्यांना मज्जाव असलेल्या भागांचा, वटहुकूम आला आणि १९३० नंतर दक्षिण सुदान धोरण म्हणून उत्तरेपासून तोडण्यात आलं. उत्तर दारफूरच्या उंटपाळ रिझैगातांच्या वाट्याला या व्यवस्थेत स्वतःचं दार आलंच नाही. ही ठसठस पुढे फार महागात पडली. १९७१ मध्ये जाफर निमेरीच्या लष्करी राजवटीनं ग्रामीण भागातली ही कबिल्यांची प्रशासनव्यवस्था रद्द केली. तिच्या जागी चालेल अशी न्यायालयं, पोलीस, तहसील मात्र उभे केले नाहीत. मग १९८४-८५ चा दुष्काळ आला. वाळवंट खाली सरकलं, कळप वेळेआधी दक्षिणेला उतरू लागले, शेतकऱ्यांनी मुरहालांवर कुंपणं घातली. नेमक्या याच काळात लिबिया आणि चाडमधल्या लढायांतून बंदुका दारफुरात उतरल्या. आणि खार्टूमनं या सगळ्यात काय केलं? १९८० च्या दशकाच्या मध्यात दक्षिणेतलं बंड दडपायला पगारी सैन्य महाग पडतं म्हणून बग्गारा तरुणांच्या ‘मुराहिलीन’ तुकड्यांना शस्त्रं दिली. यात सादिक अल-महदींचं निवडून आलेलं सरकारही होतं, हे विसरता येणार नाही. १९९४ मध्ये ओमर अल-बशीरच्या राजवटीनं दारफूरचे तीन तुकडे केले, मसालितांच्या प्रदेशात वरून नवे अमीर नेमले आणि जूदिया सरकारी बैठकांमध्ये बदलली. २००३ मध्ये बंड झालं तेव्हा दार नसलेल्या तरुणांना सांगण्यात आलं की जमीन हवी असेल तर घ्या. २०१३ मध्ये त्याच टोळक्यांना गणवेश, पगार आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे नाव मिळालं. हा सगळा क्रम समोर ठेवून मला विचारावंसं वाटतं की यातली कोणती पायरी परंपरेची आहे?

दक्षिणेतलं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. नुएर हा नाईलच्या पाणथळ प्रदेशातला गोपालक समाज. मुलगा वयात येताना त्याच्या कपाळावर सहा आडव्या रेषा कोरल्या जायच्या, त्याला एक बैल मिळायचा आणि त्या बैलाच्या रंगावरून त्याचं लाडकं नाव पडायचं. लग्नात गाई द्यायच्या, खुनाच्या भरपाईतही गाईच. नुएर माणसाच्या हातून खून झाला की तो धावत ‘कुआर मुओन’च्या, म्हणजे भूमीच्या पुजाऱ्याच्या घरी जायचा. तो पुजारी त्याच्या दंडावर कापून मृताचं रक्त वाहून जाऊ देई. तोवर खुन्यानं अन्न-पाणी घ्यायचं नाही. मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या घरच्यांनी समेट होईपर्यंत एका भांड्यातून खायचं-प्यायचं नाही. खाल्लं तर ‘नुएअर’ म्हणजे जीवघेणा विटाळ लागतो. पुजाऱ्याजवळ शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता. होती ती एवढीच समजूत की रक्त हलकं नसतं, शत्रूचंही नसतं.

या समाजात अनेक वर्षं राहिलेल्या एका अमेरिकी संशोधक स्त्रीनं नोंदवलेली गोष्ट वाचली आणि मी तिथेच थबकलो. १९८० च्या दशकात दक्षिणेच्या मुक्तिसेनेतल्या नेत्यांनी, त्यांत स्वतः नुएर असलेले रिएक माचार होते, लोकांना पटवायला सुरुवात केली की युद्धं दोन प्रकारची असतात. ‘घरातली’ आणि ‘सरकारची’. घरातल्या लढाईत मारलं तर विटाळ आहे, शुद्धी आहे, गाई आहेत. सरकारी लढाईत मारलं तर यातलं काहीच नाही. ना विधी, ना भरपाई, ना मृताचा शाप. किती साधं वाक्य आहे हे, आणि त्यानं किती माणसं मारली! १९९१ मध्ये मुक्तिसेना फुटली. नुएर आणि डिंका एकमेकांवर उठले तेव्हा हा ‘सरकारी’ परवाना खिशात होताच. बायका, मुलं, म्हातारी यांना हात न लावण्याचा जुना संकेतही त्याच काळात कोसळला, असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. बोरचं हत्याकांड नुएर परंपरेनं घडवलं असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की मग ते घडण्यापूर्वी ती परंपरा तात्पुरती रद्द का करावी लागली?

आणि ती पुन्हा जागी कुणी केली? सरकारांनी नव्हे. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वुनलित या डिंका गावात चर्च परिषदेच्या पुढाकारानं नुएर आणि डिंका प्रमुख, वडीलधारी माणसं आणि बायका एकत्र बसल्या. एक पांढरा बैल बळी दिला गेला. एकेकानं उठून आपली माणसं कशी गेली ते सांगितलं आणि समोरच्यानं ते ऐकून घेतलं. पळवलेल्या बायका-मुलांचा प्रश्न, चराईचे पट्टे, ओस पडलेली गावं, सगळं करारात आलं. पश्चिम काठावर त्यानंतर बरीच शांतता नांदली. २०१३ मध्ये ती मोडली ती जुबातल्या सत्तेच्या भांडणानं, अध्यक्ष सालवा कीर आणि त्यांचे माजी उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या भांडणानं.

आता दुसऱ्या सुराकडे वळतो, कारण तो माझ्या जवळचा आहे आणि म्हणूनच त्याच्याशी अधिक भांडायला हवं. कबिला ही वसाहतवादाची निर्मिती आहे, असं तो म्हणतो. यातलं अर्धं खरं आहे. ज्या साम्राज्यानं आपल्याकडे १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्याच साम्राज्याची यादी करण्याची, शिक्के मारण्याची सवय सुदानात पोचली. पारध्यांना तो शिक्का पुसून टाकायला १९५२ उजाडावं लागलं आणि तो लोकांच्या मनातून आजही पुरता गेलेला नाही, हे महाराष्ट्रात सांगायला नको. पण शिक्का इंग्रजांचा होता म्हणून पारधी समाज इंग्रजांनी घडवला असं आपण म्हणतो का? त्यांची भाषा, देवकं, पंचायत इंग्रजांनी आणली नव्हती. मसालितांचंही तसंच. इंग्रज पोचण्याआधी त्यांची सल्तनत होती आणि १९१० मध्ये चाडमधून आलेल्या फ्रेंच फौजेशी लढताना त्यांचा सुलतान ताज अल-दीन धारातीर्थी पडला. त्याच लढाईत फ्रेंच कर्नलही मारला गेला. अद्रेच्या छावणीत बसलेल्या मसालित बाईला ‘तुझा कबिला ही परकीयांची कल्पना आहे’ असं सांगणं म्हणजे जमीन आणि घर हिरावून घेतल्यावर तिचं नावही हिरावून घेणं आहे. आणि सोन्याचा मुद्दा? तो मला पूर्ण मान्य आहे. दारफूरचं सोनं दुबईच्या बाजारात जातं, संयुक्त अरब अमिरातींकडून शस्त्रं येत असल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह मानले आहेत आणि अमिरातींनी ते नाकारले आहेत. पण सोनं आणि शस्त्रं जिथे येतात तिथे ती कुणाच्या हाती द्यायची हे ठरतंच. ती दार नसलेल्या उंटपाळांच्या पोरांच्या हातीच का गेली, हे हाकूरा आणि मुरहाल समजल्याशिवाय कळणार नाही.

माझ्या भूमिकेवर येणारा सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे. परंपरेचं हे गुणगान बायकांना आणि ‘बाहेरच्यां’ना काय देतं? जूदियेत बायका क्वचितच बसतात. भरपाईत मुलगी देण्याची प्रथा काही समाजांमध्ये होती. जमीन कबिल्याची मानली की ज्याचा कबिला ‘इथला’ नाही त्यानं कुठे जायचं? २०२२ च्या जुलैत ब्लू नाईल प्रांतात हौसा आणि बर्ता, हमज यांच्यात दंगल उसळली आणि शंभराहून अधिक माणसं मेली. मूळ पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या सुदानात राहिलेल्या हौसांनी आपलं स्वतःचं पारंपरिक प्रशासन मागितलं होतं आणि इतरांना त्यात जमिनीवरचा दावा दिसला. हा दोष खरा आहे. म्हणून जमिनीचा आणि मताचा हक्क नागरिक म्हणून मिळाला पाहिजे, कबिल्याचा सदस्य म्हणून नाही, असंच माझंही म्हणणं आहे. नझीरांच्या हाती देश द्या असं मी म्हणत नाही. पण सुधारणा कुठून येते तेही पाहा. मुलींची सुंता तिथे शतकानुशतकं चालत आली. न केलेल्या मुलीसाठी अरबीत ‘गलफा’ ही शिवी होती. २००८ पासून ‘सलीमा’ या शब्दाभोवती मोहीम उभी राहिली. सलीमा म्हणजे अखंड, जशी देवानं घडवली तशी. शिवीच्या जागी कौतुकाचा शब्द आला आणि आयाबाया बोलू लागल्या. २०२० मध्ये कायद्यानं ही प्रथा गुन्हा ठरवली. परंपरा बदलते, फक्त तिच्याशी तिच्या भाषेत बोलावं लागतं.

आणि हे लोक कबिल्याच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी सुदानचा इतिहास तरी चाळावा. १९५३ मध्ये तिथली पहिली निवडणूक झाली ती आपल्या सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली, भटक्यांच्या तळांपर्यंत जाऊन. १९६४, १९८५ आणि २०१९, तीनदा सुदानी जनतेनं संप आणि मोर्चे काढून हुकूमशहा घालवले. १९५८, १९६९, १९८९ आणि २०२१, चारदा लोकांची सत्ता हिसकावली गेली. हिसकावणारा यातला एकदा तरी कबिला होता का? दर वेळी लष्कर होतं. डिसेंबर २०१८ मध्ये बशीरच्या हेरखात्यानं आंदोलनाचं खापर दारफूरच्या विद्यार्थ्यांवर फोडलं, तेव्हा खार्टूमच्या रस्त्यांवर घोषणा उठली: ‘अरे उर्मट वंशद्वेष्ट्या, सारा देश दारफूर आहे!’ नाईलकाठच्या शिकल्यासवरल्या घरांतली पोरं ती देत होती.

याच पोरांनी युद्धात काय केलं? सुदानच्या खेड्यात कुणाचं शेत निंदायचं राहिलं, कुणाची झोपडी जळाली की ‘नफीर’ पुकारतात. सगळा गाव येतो, काम उरकतो, ज्याचं काम तो जेवू घालतो. आपल्याकडे इर्जिक म्हणतात ते हेच. ज्वारीची असीदा, वर वाळवलेल्या भेंडीच्या पुडीची आमटी, एका परातीभोवती सगळे. ही ज्वारी मुळात तिकडचीच. तिच्या लागवडीचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानमधल्या कसालाजवळ सापडला आहे. आपली भाकरी त्या धान्याची आहे. २०१३ च्या पुरात खार्टूमच्या तरुणांनी ‘नफीर’ याच नावानं मदत उभी केली आणि २०२३ मध्ये सरकार, दूतावास, मोठमोठ्या संस्था शहर सोडून गेल्या तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत आपत्कालीन मदत खोल्या उघडल्या. तकाया म्हणजे सार्वजनिक स्वयंपाकघरं चालली, नेमबाजांच्या गोळ्यांतून पाणी वाहिलं गेलं. या खोल्यांना २०२५ चा, मानवी हक्कांसाठीचा, राफ्टो पुरस्कार मिळाला. ही नवी संघटना असली तरी तिचं अंग जुनं आहे. नफीर ठाऊक नसलेल्या समाजात ती इतक्या लवकर उभी राहिली असती असं मला वाटत नाही.

आपल्याकडच्या चर्चेत सुदान येतो तो संकटात अडकलेल्या भारतीयांपुरता. २०२३ च्या ‘ऑपरेशन कावेरी’त ३,८६२ माणसं परत आणली गेली. त्यांत कर्नाटकातले हक्की-पिक्कीही होते, जडीबुटी विकायला तिकडे गेलेले. नावाचा अर्थ पाखरं धरणारे. ‘आदिवासी’ म्हटलं की रानाबाहेर पाऊल न टाकलेला माणूस, असं ज्यांना वाटतं, त्यांच्या कल्पनेत हे बसणार नाहीत. नाईल ओलांडून जडीबुटी विकणारा पाखरं धरणारा असो किंवा गुरं वाढली म्हणून बग्गारा झालेला फूर असो, ज्यांना आपण जमातीच्या चौकटीत गोठवतो ते प्रत्यक्षात सतत चालत असतात.

शेवटी एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. जग या युद्धाला टोळ्यांचं युद्ध म्हणतं. मग ते मिटवायला बोलवायचं कुणाला? २०२३ च्या मे महिन्यात जेद्दामध्ये पहिल्या वाटाघाटी झाल्या. टेबलाच्या एका बाजूला लष्कर होतं, दुसऱ्या बाजूला रॅपिड सपोर्ट फोर्सेस. ११ मे रोजी नागरिकांना इजा न करण्याच्या जाहीरनाम्यावर दोघांनी सह्या केल्या आणि पुढच्याच महिन्यात जनैनात मसालितांची कत्तल झाली. त्या टेबलावर मसालितांकडून कुणी नव्हतं. दार नसलेल्या उंटपाळांकडूनही, ज्यांच्या नावानं ही फौज उभी राहिली, कुणी नव्हतं. तकाया चालवणारी पोरं नव्हती, आणि कोणत्या दिवसापासून शेतं गुरांना मोकळी करायची ते सांगू शकेल असा एकही म्हातारा तिथे नव्हता.